आईच्या व्हिसाचा फोटो तिसऱ्यांदा नापास

चाफेकळी

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून इथे लिहितेय. आई (वय वर्षं ६८) पहिल्यांदाच अमेरिकेला, भावाकडे न्यू जर्सीला जायची आहे. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मी भरतेय. आजोबांच्या जन्मतारखेपासून सगळं शोधून, विचारून भरलं आणि गाडी अडली ती फोटोवर.

पहिला फोटो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत काढला, चष्म्यासकट. आई चाळीस वर्षं चष्मा लावते, तो काढला तर तिला आम्हीही ओळखत नाही. भावाने फोनवर नियम वाचून दाखवला की चष्मा चालत नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथेच, चष्मा काढून. घरी येऊन फोटो बघितला तर आई नव्हतीच! पंचेचाळिशीची कुणी गोरीपान बाई. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचं काळं गेलं, आणि डाव्या गालावरचा तीळही गेला. पासपोर्टच्या अर्जात 'ओळखीची खूण' म्हणून आम्ही लिहिलंय काय? तर 'डाव्या गालावर तीळ'. तसं सांगितल्यावर स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर तीळ परत लावून दिला, पण अर्धा इंच खाली.

शेवटी त्याला म्हटलं, काहीही करू नका, जसा निघेल तसा द्या. तो तिसरा फोटो. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला, मी अपलोड केला, तर साइटला तो लहान पडला. शिवाय आईचे केस पूर्ण पांढरे, मागचा पडदा पांढरा. डोकं कुठे संपतं ते मलाच कळेना, मशीनला काय कळणार.

नवरा म्हणतो, घरीच काढू. आई म्हणते, कुंकू पुसणार नाही. कुणी यातून गेलंय का?

अर्धवटराव

तीळ अर्धा इंच खाली, हे वाचून चहा कीबोर्डवर सांडला. स्टुडिओवाल्याला साष्टांग नमस्कार.

मिलीमीटर

ताई, आधी आकडे घ्या, म्हणजे निम्मा घोळ संपेल. अमेरिकेला चौकोनी फोटो लागतो. कागदावर २ बाय २ इंच, म्हणजे ५१ बाय ५१ मिलीमीटर. फाइल जेपीईजी, कमीत कमी ६०० बाय ६०० पिक्सेल, जास्तीत जास्त १२०० बाय १२००, आणि वजन २४० केबीच्या आत. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के. कागदावर मोजलं तर १ इंच ते १ पूर्णांक ३/८ इंच. फोटो सहा महिन्यांच्या आतला. चष्मा १ नोव्हेंबर २०१६ पासून बंद. डोळ्यांचं ऑपरेशन वगैरे झालं असेल आणि डॉक्टरांचं पत्र असेल तरच सूट.

व्हॉट्सॲपवरून फोटो 'फोटो' म्हणून आला की तो आक्रसतो. स्टुडिओवाल्याला सांगा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, किंवा ईमेल कर, किंवा पेनड्राइव्ह न्या. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची रड इथेच असते. फोटो चांगला असतो, वाटेत मरतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर फोटो कापायचं फुकट टूल आहे. त्यात डोक्यासाठी एक लंबगोल दिसतो. त्या गोलात चेहरा बसवायचा, की झालं.

कडीपत्ता

कुंकवाचं टेन्शन घेऊ नका. माझ्या सासूबाईंचा फोटो टिकली, चमकी, मंगळसूत्र सगळ्यासकट पास झाला. दागिन्याने चेहरा झाकला जात नसेल तर दागिने चालतात, असं अमेरिकेच्या नियमांत सरळ लिहिलंय. आम्ही एवढंच केलं की खड्याची टिकली काढून साधी मखमली लावली, कारण खड्यावर लाइट चमकत होता. पदर गळ्याभोवती गच्च लपेटू नका, हनुवटी मोकळी दिसू द्या.

बार्शीचा

चाफेकळीताई, तुमचा पांढऱ्यावर पांढऱ्याचा किस्सा वाचून आमचे आण्णा आठवले.

आण्णांचा पासपोर्ट काढायला पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. तिथे आपला फोटो न्यायचा नसतो, टोकन घेऊन 'ए' काउंटरला गेलं की तिथेच कॅमेऱ्याने काढतात आणि बोटांचे ठसेही तिथेच. आण्णा पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी अशा थाटात. काउंटरवरची पोरगी गोड आवाजात म्हणाली, 'काका, टोपी काढता का?' आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू तिने धोतरच मागितलं. घराबाहेर टोपीशिवाय आण्णा मी जन्मात बघितले नव्हते. सोयरिकीत नाही, कोर्टात नाही.

काढली शेवटी. आणि मग दिसलं ते मी विसरणार नाही. कपाळावर सरळ आडवी रेघ. रेघेखाली सत्तर उन्हाळ्यांचं तांबूस-काळं कातडं आणि रेघेवर लहान पोरासारखं गोरं कपाळ. आता दुसरी अडचण, पांढरा सदरा पांढऱ्या पडद्यात मिसळून गेला, नुसतं मुंडकं तरंगताना दिसत होतं. मागच्या रांगेतल्या एका पोराने अंगातलं निळं जाकीट काढून दिलं. त्या जाकिटात आण्णांचा पासपोर्ट आहे. गावात दाखवला की लोक विचारतात, 'हे कोण?'

रातराणी

@बार्शीचा, डोळ्यांत पाणी आलं हसून. पण एक विचारते, पागोटं, फेटा, बुरखा यांना परवानगी असते ना? मग टोपीला का नाही?

मिलीमीटर

धार्मिक कारणाने रोज डोकं झाकणाऱ्यांना बहुतेक देश सूट देतात. शीख पगडी, हिजाब चालतं. पण हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा उघडा हवा, सावली पडता कामा नये. टोपी, कॅप, हॅट ही सवय किंवा फॅशन धरली जाते. आण्णांना ते पटणार नाही, हे मला मान्य आहे.

पडदा_आणि_छत्री

नमस्कार. मी सव्वीस वर्षं स्टुडिओ चालवतो. जिल्ह्याच्या गावाला आहे, नाव सांगत नाही, जाहिरात समजाल. वरच्या स्टुडिओवाल्याला सगळे हसताय म्हणून त्याची बाजूही ऐका.

गिऱ्हाईक फोटो बघून पहिलं वाक्य काय म्हणतं माहीत आहे? 'एवढा काळा का आला?' दुसरं, 'जरा फ्रेश करा ना.' आम्ही उजळ करून दिला नाही तर माणूस पैसे न देता शेजारच्याकडे जातो. वीस वर्षांत आमचा हातच तसा बसला. फोटो उघडला की बोट आपोआप त्या ब्रशवर जातं. लग्नाच्या स्थळाच्या फोटोला ते चालून जातं. व्हिसाच्या फोटोला तेच विष. तिथे चेहरा नुसता माणूस बघत नाही, मशीनही मोजतं. डोळ्यांमधलं अंतर, नाकाचं टोक, जबड्याची कड. तुम्ही जबडा निमुळता केला, कातडी गुळगुळीत केली की मोजमाप बदललं. म्हणून आता मी काउंटरवर पाटीच लावली आहे, 'व्हिसा फोटोत गोरं करून मिळणार नाही.' दोन गिऱ्हाइकं भांडून गेली.

आता ताईंच्या आईचं. पांढरे केस आणि पांढरा पडदा, यावर तोडगा आहे. अमेरिकेला शुद्ध पांढराच लागतो असं नाही, ऑफ-व्हाइटही चालतो. आम्ही काय करतो, माणसाला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवतो आणि पडद्यावरचा लाइट कमी करतो. पडदा तोच, पण फोटोत किंचित मळका, दुधाच्या सायीसारखा येतो आणि केसांची कड सुटून दिसते. अंतर ठेवल्याने मानेमागे सावलीही पडत नाही. बहुतेक स्टुडिओत जागा नसते म्हणून गिऱ्हाइकाला पडद्याला चिकटवून बसवतात, तिथेच घोटाळा. तुमच्या माणसाने वर पडद्यावर जास्तीचा फ्लॅश मारला असणार, म्हणून केस 'जळाले'.

साडी गडद नेसवा. जांभळी, बॉटल ग्रीन, मरून. पांढरी, मोतिया, फिकट पिवळी नको.

चाफेकळी

@पडदा_आणि_छत्री, दादा, सायीसारखा पडदा! हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हो, गोरं करून देण्याबद्दल खरं सांगते, दुसऱ्या फोटोवर मी चिडले, पण आई खूश होती. ती म्हणाली, 'राहू दे की, बरी दिसतेय.'

दुबईकर_दामू

इकडची एक खबर, आखातातल्या आणि बाहेरच्या मराठी मंडळींसाठी. १ सप्टेंबर २०२५ पासून इथल्या भारतीय दूतावासात पासपोर्टच्या अर्जाला नव्या नियमाचा फोटो लागतो. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या नियमाबरहुकूम. ६३० बाय ८१० पिक्सेल, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा फोटोच्या ८० ते ८५ टक्के, तोंड मिटलेलं, आणि सॉफ्टवेअरची कारागिरी शून्य. मी जुन्या मापाचे बारा फोटो काढून ठेवले होते बायकोचे आणि माझे. ते आता देवाच्या फोटोमागे लावून ठेवलेत.

मिलीमीटर

@दामू, ६३० बाय ८१० हा आकडा विचित्र वाटतो, पण गणित करून बघा. दोन्हीला ९० ने भागा, ७ आणि ९ उरतात. ३५ बाय ४५ मिलीमीटरला ५ ने भागा, पुन्हा ७ आणि ९. म्हणजे हा आपला नेहमीचा पासपोर्ट साइज उभा फोटोच आहे, पिक्सेलमध्ये लिहिलेला. म्हणून चौकोनी फोटो दोन्ही बाजूंनी कापून तिथे चालवायला जाऊ नका. चौकोनीत डोकं लहान ठेवलेलं असतं, इथे चेहरा जवळजवळ चौकट भरून हवा. एकाच शूटिंगमधून दोन्ही काढायचे असतील तर मूळ फोटो मोठा आणि भोवती मोकळी जागा सोडून घ्या, मग वेगवेगळा कापा.

इचलकरंजी_एक्सप्रेस

मापावरून आठवलं. माझे मोठे बंधू ग्वांगजोच्या कॅन्टन फेअरला मशिनरी बघायला निघाले होते. चीनच्या व्हिसाला ३३ बाय ४८ मिलीमीटर फोटो लागतो. स्टुडिओकडे ३५ बाय ४५ चा काढलेला. रुंदीतले २ मिलीमीटर कात्रीने उडवता येतात, पण ४५ चे ४८ कसे करणार? तर त्या पठ्ठ्याने फोटो कॉम्प्युटरवर ओढून लांब केला. दादांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा झाला. व्हिसा सेंटरवर फोटो परत.

अर्धवटराव

या धाग्यावर स्टुडिओवाल्यांचं संमेलन भरवा रे कुणीतरी.

करडा_बुधवार

जर्मनीतून लिहितोय. इथे १ मे २०२५ पासून पासपोर्ट, ओळखपत्र आणि आपल्यासारख्यांचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड, या सगळ्यांना कागदी फोटो बंद झाला. मान्यता असलेल्या स्टुडिओत फोटो काढायचा, तो सुरक्षित क्लाउडवर थेट जातो, तुमच्या हातात फक्त एक ठिपक्याठिपक्यांचा कोड छापलेली चिठ्ठी येते. ऑफिसात तो कोड स्कॅन केला की तुमचा चेहरा त्यांच्या पडद्यावर. किंवा ऑफिसातल्याच यंत्रावर ६ युरो देऊन काढायचा.

एवढा खटाटोप का, तर 'मॉर्फिंग'. दोन माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळून एक फोटो बनवायचा, तो दोघांनाही जुळतो, मग एकाच पासपोर्टवर दोघे फिरू शकतात. २०१८ मध्ये इथल्या एका कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने हे करूनच दाखवलं. आपल्यातल्या एकीचा चेहरा युरोपीय महासंघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख फेडेरिका मोघेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला, आणि त्यावर खरा जर्मन पासपोर्ट मिळवला. मध्ये गिऱ्हाइकाच्या हातात फोटो आलाच नाही तर असं करता येत नाही, हा विचार.

माझा स्वतःचा अनुभव मात्र साधा. यंत्र म्हणालं, 'तोंड मिटा.' मी मिटलेलंच होतं. माझे पुढचे दात थोडे पुढे आहेत. चार वेळा प्रयत्न केला, ओठ आवळून आवळून. कार्डावर आता मी कुणाचा तरी राग गिळतोय असं दिसतं.

जुनी_वही

अवांतर, पण चालवून घ्या. पासपोर्टवर फोटो ही गोष्टच पहिल्या महायुद्धातली. त्या काळच्या ब्रिटिश पासपोर्टात वर्णनही लिहीत. कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, वर्ण, असे रकाने. माणूस आपलं नाक स्वतःच 'सरळ' लिहायचा आणि सुटायचा. १९१५ च्या सुमाराला फोटो लागू झाला तेव्हाही हॅट घातलेला, कुटुंबासोबतचा फोटो चालत असे. हसू बंद झालं ते अलीकडे, पासपोर्टात चिप येऊ लागली तेव्हा. ब्रिटनने २००४ मध्ये लोकांना न हसता फोटो काढायला सांगितलं. हसलं की गाल वर जातात, डोळे बारीक होतात, मोजमाप चुकतं. आपल्याकडेही आता चिपवाला ई-पासपोर्ट आलाय. २०२४ मध्ये सामान्य लोकांसाठी सुरू झाला त्यात आपलं नागपूर होतं.

रातराणी

म्हणजे 'हसा बघू' म्हणणारे फोटोग्राफर बेकार झाले.

पडदा_आणि_छत्री

@रातराणी, आम्ही आता 'मनात हसा' म्हणतो. खरंच. ओठ मिटलेले ठेवून मनात एखादी बरी गोष्ट आणली की डोळे जिवंत येतात, नाहीतर सगळे पोलिस ठाण्यातल्या फोटोसारखे दिसतात. नियमात हसू नाही, डोळ्यांत जीव नको असं कुठे लिहिलंय.

न्हाणीघर

बाळांचं कुणी सांगेल का? नात पाच महिन्यांची आहे. लेकीने फोटो मागितलाय, पासपोर्टसाठी. मांडीवर घेतलं तर माझे हात येतात, पाळण्यात ठेवलं तर ती झोपते.

कडीपत्ता

आजी, पलंगावर पांढरी चादर घाला, पण इस्त्री करून, चुण्या नकोत. तिला उताणी ठेवा. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर येईल अशी बाजू बघा. लेकीने पलंगावर उभं राहून वरून फोटो घ्यायचा, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या अगदी वर खुळखुळा धरायचा, बाजूला नाही, नाहीतर मान वळते. पोट भरल्यावर आणि लंगोट बदलल्यावर लगेच, झोपेच्या आधीचा तो वीस मिनिटांचा वेळ असतो ना, तेव्हा. झबलं रंगीत घाला. काजळाची तीट मात्र त्या दिवशी नको, गालावरचा डाग समजून विचारतात.

भारतात पासपोर्ट काढायचा असेल तर चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपण न्यायचा असतो, ३५ बाय ४५ मिलीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. त्यापेक्षा मोठ्यांचा तिथेच काढतात. अमेरिकेत जन्मलेलं बाळ असेल तर तिकडचा पासपोर्ट, म्हणजे पुन्हा २ बाय २. तान्ह्याचे डोळे पूर्ण उघडे नसले तर अमेरिका समजून घेते. ब्रिटनमध्ये तर एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात.

न्हाणीघर

तीट नको? बरं. लेकीच्या सासूला कोण सांगणार.

एडिसनची_वहिनी

बाळाचा अमेरिकी पासपोर्ट झाला की पाठोपाठ ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, येतंच. तिथे एक खड्डा आहे तो सांगून ठेवते. आम्ही मुलाचं भरलं तेव्हा सूचनेत लिहिलं होतं, पार्श्वभूमी फिकट रंगाची, पण पांढरी नको! अमेरिकी पासपोर्टला पांढरी, ओसीआयला पांढरी नको. फोटो दोन्हीकडे चौकोनी, म्हणून मी तोच वापरायला गेले आणि अडकले. शेवटी आकाशी रंगाच्या उशीच्या अभ्र्यावर झोपवून दुसरा काढला. भरायच्या दिवशी साइटवरची सूचना पुन्हा वाचाच, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्याही.

टोरांटोचा_गारठा

कॅनडाच्या पासपोर्टला ५० बाय ७० मिलीमीटर, वर आलेल्या सगळ्यांपेक्षा मोठा. आणि मागे स्टुडिओचं नाव, पत्ता, फोटो काढल्याची तारीख लागते. पुण्याला सुट्टीत आलो असताना स्वस्तात काढून घेतले, मागे कोरे. इथे येऊन पुन्हा पैसे भरले. चष्मा मात्र इथे चालतो, डोळे नीट दिसत असले आणि काचेवर चमक नसली तर. तेवढं एक सुख.

सिंहगड_एसटी

माझा किस्सा छोटा. युरोपच्या व्हिसाला जुनेच फोटो दिले, घरात होते ते. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट चाळला, २०१९ चा व्हिसा उघडला, फोटो शेजारी ठेवला आणि शांतपणे विचारलं, 'सर, तेव्हाही हाच शर्ट?' खाली लिफ्टजवळच फोटोचं दुकान होतं. त्या दुकानाचा धंदा माझ्यासारख्यांवरच चालतो.

मिलीमीटर

घरी छापणाऱ्यांसाठी एकच सांगतो आणि थांबतो. ४ बाय ६ इंची फोटो कागदावर ३५ बाय ४५ चे आठ बसतात आणि २ बाय २ चे बरोबर सहा. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' वर टिचकी असेल तर ती काढा आणि शंभर टक्के करा. नाहीतर ५१ मिलीमीटरचा फोटो ४८ चा येतो आणि डोळ्यांना कळतही नाही. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि मोजा.

पडदा_आणि_छत्री

आणि घरी मोबाइलवर काढणाऱ्यांनो, सेल्फी नको. हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे पळतात. दुसऱ्या माणसाने, मागच्या कॅमेऱ्याने, पाच फुटांवरून, दुप्पट झूम करून, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून काढा. पोर्ट्रेट मोड बंद. तो मागचं धूसर करताना केस आणि कानांच्या कडा खातो. तोंड खिडकीकडे, भिंत पाठीमागे तीन फुटांवर. ट्यूबलाइट डोक्यावर नको, डोळ्यांखाली खड्डे येतात. काढताना छातीपर्यंत घ्या, कापायचं नंतर.

चाफेकळी

काल रविवारी केलं. जेवणघराच्या फिकट भिंतीसमोर, अकरा वाजता, खिडकीतून ऊन थेट येत नव्हतं तेव्हा. आईला बॉटल ग्रीन इरकल नेसवली, साधी मरून टिकली. नवरा स्टुलावर, मी पडद्याची दोरी धरून. पहिल्या दहा फोटोंत आई श्वास रोखून बसली होती. मग भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मोबाइलच्या बरोबर मागे धरला. अकरावा बरोबर निघाला. तीळ जागेवर, केसांची कड स्वच्छ, साय जमली. साइटच्या टूलमध्ये कापला, ६०० बाय ६००, ११० केबी. एका फटक्यात घेतला!

आईला दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, 'ही तर माझी आई.'

बार्शीचा

ताई, जमलं बघा. व्हिसासाठी मुंबईला कधी?

चाफेकळी

(तीन आठवड्यांनी) बोटांचे ठसे द्यायला आज जाऊन आलो. आत फक्त आईला सोडलं, मी बाहेर फुटपाथवर. पंधरा मिनिटांत बाहेर आली. मी विचारलं, काय झालं आत? म्हणे, 'काही नाही. चष्मा काढायला सांगितला आणि त्यांच्या कॅमेऱ्याने फोटो काढला.'

मिलीमीटर

हो, तिथे काढतातच. पण फॉर्मला फोटो लावला नसता तर कन्फर्मेशनच्या पानावर चौकटीत फुली आली असती, आणि छापलेला फोटो घेऊन जावं लागलं असतं.

चाफेकळी

तेच मी समजावतेय दादरपासून. ती ऐकत नाही. इरकल त्यासाठी मोडली म्हणते.